हार्वर्डला किती टक्के? एका भाकिताचे खंडन

मुलगी अकरावीत आहे. शाळेत जवळजवळ सगळे ‘ए’ ग्रेड, एसएटीला १५४०, वादविवाद मंडळाची अध्यक्ष, भरतनाट्यमचे अरंगेत्रम झालेले, एक उन्हाळा प्रयोगशाळेत काढलेला. एवढा तपशील न्यू जर्सीतल्या किंवा पुण्यातल्या समुपदेशकापुढे ठेवला की एक तक्ता हातात पडतो: हार्वर्ड ९ टक्के, कॉर्नेल २२, मिशिगन ४५. पालक तो जपून ठेवतात. त्यावरून अर्ज ठरतात, समुपदेशनाची फी ठरते, घरात कोणत्या कॉलेजचे नाव मोठ्याने घ्यायचे आणि कोणत्याचे नाही हेही ठरते. माझे म्हणणे असे की या तक्त्यातल्या ‘हार्वर्ड ९ टक्के’ या नोंदीला आधारच नाही. अंदाज थोडा इकडेतिकडे झाला असेल, ही माझी तक्रार नव्हे. उपलब्ध माहितीवरून त्या एका मुलीविषयी असा आकडा निघूच शकत नाही.

आधी पूर्वपक्ष. तो दुबळा नाही, म्हणून त्याच्या सर्वांत बळकट रूपातच मांडतो.

पहिला मुद्दा पुराव्याचा. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक विस्तृत तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करतात. किती अर्ज आले, किती प्रवेश दिले, दाखल झालेल्यांचे गुण कोणत्या पट्ट्यात होते, सगळे त्यात असते. अनेक हायस्कुलांत ‘नॅव्हिअन्स’सारखी प्रणाली असते आणि ती त्याच शाळेतल्या आधीच्या मुलांचे निकाल आलेखावर दाखवते. इतका मागचा इतिहास हाताशी असताना पुढचा अंदाज का बांधू नये?

दुसरा मुद्दा गुणांचा. गुणांना अर्थ नसता तर एमआयटीने मार्च २०२२ मध्ये एसएटीची सक्ती परत कशाला आणली असती? २०२४ मध्ये डार्टमथ, येल आणि हार्वर्ड यांनी तोच मार्ग कशाला धरला असता?

तिसरा मुद्दा शास्त्राचा. मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की माणसांच्या वर्तनाचे भाकीत करताना साधे संख्याशास्त्रीय सूत्र अनुभवी तज्ज्ञाच्या मताच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरते. मग प्रवेशाच्याच बाबतीत सूत्राला नाके का मुरडायची?

चौथा मुद्दा व्यवहाराचा. कच्चा का होईना, अंदाज असलेला बरा. शिवाय वीस ठिकाणी अर्ज केले तर कुठेतरी लागेलच.

आपल्याकडच्या पालकांना हा सगळा युक्तिवाद चटकन पटतो, कारण त्यांचा स्वतःचा अनुभव तसाच असतो. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात प्रत्येक फेरीनंतर कटऑफ लागतो. आयआयटीच्या जागावाटपात प्रत्येक शाखेचा शेवटचा क्रमांक जाहीर होतो. आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्सची दारे खुल्या प्रवर्गासाठी पहिल्या शंभर क्रमांकांतच बंद होतात, हे क्लासला जाणारा कुठलाही मुलगा सांगेल. तिथे क्रमांक कळला की निकाल कळला. तोच हिशेब सातासमुद्रापार नेला, तर बिघडले कुठे?

बिघडले ते पहिल्याच पायरीवर. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध २०१४ मध्ये खटला दाखल झाला आणि एरवी कधीच बाहेर न येणारी कागदपत्रे न्यायालयात उघडी पडली. न्यायाधीश ॲलिसन बरोज यांच्या २०१९ च्या निकालपत्रात एका वर्षाची आकडेवारी आहे. अमेरिकेतले अर्जदार सुमारे २६ हजार. त्यांपैकी शाळेतली सरासरी निर्दोष असलेले ८ हजारांहून अधिक. एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ३ हजारांहून अधिक, भाषेत सुमारे २,७००. आणि प्रवेश द्यायचे होते सुमारे २ हजार जणांना, तेही परदेशी विद्यार्थी धरून. नुसत्या निर्दोष सरासरीवर निवड करायची म्हटली तरी चारांतल्या तिघांना घरी पाठवावे लागले असते.

याचा अर्थ गुण निरुपयोगी आहेत असा नाही. गुणांनी हजारो अर्ज बाजूला पडतात, आणि एमआयटीला चाचणी हवी आहे ती मुलगा तिथले गणित झेपवू शकेल की नाही हे पाहण्यासाठी. पण चाळणीतून खाली पडला नाही म्हणजे निवडला गेला, असे होत नाही. पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा खरा आहे आणि अपुरा आहे. गुण नसले तर काय होईल ते तो सांगतो. गुण असले तर काय होईल, यावर तो गप्प आहे.

आता तो आलेख जवळून पाहू. आडव्या अक्षावर एसएटी, उभ्या अक्षावर शाळेतली सरासरी. प्रवेश मिळालेल्यांच्या हिरव्या खुणा, नाकारलेल्यांच्या लाल फुल्या. निवडक कॉलेजचा आलेख उघडला की वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवे आणि लाल एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि खाली डावीकडे, जिथे कुणी असायलाच नको, तिथे एखादी हिरवी खूण एकटीच चमकत असते. पालक तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, “हिला मिळाले, मग आपल्याला का नाही?” त्या खुणेमागचा मुलगा नौकानयनाच्या संघात निवडलेला होता का, त्याचे वडील त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी होते का, त्याने नोव्हेंबरमध्ये बंधनकारक ‘अर्ली डिसिजन’चा अर्ज केला होता का, यांतले काहीही आलेख सांगत नाही.

आणि न सांगितलेल्या या गोष्टी किरकोळ नाहीत. खटल्यात खुल्या झालेल्या माहितीवर अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अभ्यास केला. संघासाठी निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, अधिष्ठात्यांच्या खास यादीतली मुले आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले, हे चार गट मिळून अमेरिकेतल्या अर्जदारांत सुमारे ५ टक्के होते. प्रवेश मिळालेल्यांत मात्र त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या घरात होता. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांत हा वाटा ४३ टक्के, आशियाई-अमेरिकी विद्यार्थ्यांत १६ टक्क्यांहून कमी. आमच्या एडिसनची किंवा फ्रीमाँटची मराठी मुले यांतल्या कुठल्या रकान्यात बसतात, हे वेगळे सांगायला नको.

या प्रमाणाचा परिणाम साध्या अंकगणिताने तपासता येतो. समजा १० हजार अर्ज आले आणि ५०० प्रवेश दिले गेले. छापील दर ५ टक्के. त्यांतले १५० प्रवेश, म्हणजे ३० टक्के, त्या चार गटांतल्या ५ टक्के, म्हणजे ५०० अर्जदारांना गेले. उरलेल्या ९,५०० जणांसाठी राहिल्या ३५० जागा, म्हणजे जेमतेम ३.७ टक्के. एका गटाचा दर ३० टक्के, दुसऱ्याचा ३.७, आणि छापला जातो तो ५ टक्के, जो दोघांपैकी कुणाचाच नव्हे! राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासातही हेच चित्र दिसते. चाचणीचे गुण सारखेच असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात आयव्ही लीग आणि तिच्या तोडीच्या कॉलेजांत पोचतात. ‘प्रोफाइल’ सारखे, निकाल वेगळा. मग प्रोफाइलवरून काढलेला आकडा कशाचा?

पूर्वपक्षी यावर म्हणेल, “ठीक आहे, या गोष्टीही सूत्रात घालू.” घाला. पण मूळ अडचण त्यापुढेच आहे. कटऑफच्या पद्धतीत प्रश्न असतो, या मुलाचे किती? निवडक कॉलेजचा प्रश्न असतो, या वर्षी आम्हाला काय हवे? पत्रिकेत छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, तरी समोरच्या घराला नोकरी करणारी सून हवी आहे की नको हे पत्रिकेत लिहिलेले नसते. बासून वाजवणारी मुलगी यंदा पदवीधर होऊन चालली, अभिजात भाषांच्या विभागात विद्यार्थी कमी पडले, मागच्या वर्षी अपेक्षेपेक्षा जास्त मुले दाखल झाल्यामुळे यंदा जागा आखडल्या, अशी कारणे अर्जदाराच्या बायोडेटात कुठून सापडणार?

याचा अस्सल दाखला त्याच खटल्यातल्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या निकालपत्रात आहे. हार्वर्डमध्ये सुमारे चाळीस जणांच्या समितीपुढे मतदान होई आणि वर्ग जवळजवळ भरत आला की शेवटची छाटणी सुरू होई. ज्यांची नावे कापायची ती एका यादीत जात. त्या यादीत प्रत्येक अर्जदाराविषयी चारच गोष्टी असत: माजी विद्यार्थ्याचे अपत्य आहे का, संघासाठी निवडलेला खेळाडू आहे का, आर्थिक मदतीला पात्र आहे का, आणि वंश कोणता. गुणांची छाननी आधीच्या फेऱ्यांत होऊन गेलेली असे, हे मान्य. पण काठावरच्या मुलाचे भवितव्य ठरण्याच्या क्षणी त्या कागदावर एसएटीचा रकानाच नव्हता. वंशाचा निकष त्या निकालाने बाद झाला. बाकीच्या गोष्टींना त्या निकालाने हात लावला नाही.

पुण्याहून किंवा पणजीहून अर्ज करणाऱ्यासाठी आणखी एक रकाना आहे, आणि तक्ता बनवणारे त्याबद्दल क्वचितच बोलतात. तो म्हणजे पैसा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी कॉलेजे सोडली, तर परदेशी अर्जदार पूर्ण फी भरू शकतो की मदत मागतो आहे, हे निर्णय घेताना पाहिले जाते. दोन मुलांचे गुण तेच, निबंध तितकाच चांगला, शिफारसपत्रे तितकीच उबदार. एकाने मदतीच्या चौकोनात खूण केली, दुसऱ्याने नाही. दोघांना एकच टक्केवारी देणारा माणूस अडाणी आहे की चतुर, हे वाचकाने ठरवावे.

पुराव्याच्या मुद्द्यात आणखी एक खोट आहे. मागच्यावरून पुढचे सांगायचे, तर नियम तेच राहायला हवेत. ते राहिले आहेत का? २०२० मध्ये महासाथीमुळे बहुतेक कॉलेजांनी चाचणी ऐच्छिक केली. ज्यांचे गुण चांगले त्यांनीच ते कळवले, म्हणून छापील पट्टे वर सरकले. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने चाचण्यांचे गुण प्रवेशासाठी पाहणेच सोडून दिले. एमआयटीने नेमका उलटा निर्णय घेतला. २०२३ मध्ये न्यायालयाने वंशाचा निकष रद्द केला आणि पुढच्याच वर्षी चाचण्या अनेक ठिकाणी परतल्या. स्टॅनफर्डने तर २०१८ मध्येच निकालाच्या हंगामातली प्रवेशदराची घोषणा बंद करून टाकली. चार-पाच वर्षांत पटावरचे नियम इतक्या वेळा बदलले असताना, आलेखावरच्या खुणा नेमक्या कोणत्या पटावरच्या?

आता पॉल मील. पूर्वपक्षाचे हे सर्वांत धारदार हत्यार आहे आणि म्हणूनच ते नीट पाहिले पाहिजे. मील यांच्या तुलनेत सूत्र आणि तज्ज्ञ एकाच माहितीवरून एकच गोष्ट सांगू पाहतात. इथे भाकीत करणाऱ्यापुढे अर्धीच फाइल असते. शिक्षकांनी काय लिहिले, हार्वर्डच्या वाचकाने त्या मुलीच्या व्यक्तिमत्त्वाला १ ते ६ च्या श्रेणीत कोणता अंक दिला, तिच्याच शाळेतून आणखी कोणी अर्ज केला, हे त्याला ठाऊक नसते. मील यांचे नाव घेऊन ही उणीव भरून निघत नाही.

बरे, पूर्ण फाइल मिळाली असती तर? तोही प्रयोग होऊन गेला आहे. खटल्यात फिर्यादींच्या बाजूने ड्यूक विद्यापीठाचे आर्सिडियाकोनो होते आणि हार्वर्डच्या बाजूने बर्कलीचे डेव्हिड कार्ड, ज्यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोघांपुढे सहा वर्षांचे, दीड लाखाहून अधिक अर्जदारांचे तेच तपशील होते, आतल्या गुप्त श्रेणींसह. तरी एकाने सहाही वर्षे एकत्र धरली, दुसऱ्याने प्रत्येक वर्ष वेगळे मोजले. एकाने खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले हिशेबाबाहेर ठेवली, दुसऱ्याने आत घेतली. व्यक्तिमत्त्वाची श्रेणी मोजायची की नाही, यावरही एकमत झाले नाही. आशियाई अर्जदार असल्याने प्रवेशाच्या शक्यतेत फरक पडतो का, या एका प्रश्नाला दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध आली. प्रश्न तर अख्ख्या गटाचा होता! सगळी कागदपत्रे हाती असलेल्या दोन दिग्गजांचे जिथे गटाविषयी जमले नाही, तिथे एका पानाच्या प्रश्नावलीवरून एका मुलीविषयी ‘९ टक्के’ म्हणायला किती धाडस लागत असेल?

राहिला वीस अर्जांचा हिशेब. तो असा मांडतात: प्रत्येक ठिकाणी ५ टक्के शक्यता, म्हणजे नकाराची ९५ टक्के. वीस ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, म्हणून कुठेतरी प्रवेश मिळण्याची ६४ टक्के. गुणाकार बरोबर आहे. गृहीतक चूक आहे. हा गुणाकार चालतो तो वीस निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. पण वीसही ठिकाणी तीच गुणपत्रिका, तीच शिफारसपत्रे आणि बहुतांशी तोच निबंध जातो. शिफारसपत्र कोमट असेल तर ते वीसही टेबलांवर कोमटच राहते. अर्ज वाढवल्याने संधी थोडी वाढते, हे खरे. ती ६४ टक्क्यांवर पोचते, हे मात्र त्या गुणाकारातून सिद्ध होत नाही.

मग ही सगळी लॉटरीच आहे का? नकारानंतर घरोघरी हेच म्हटले जाते आणि तेही तितकेच चूक आहे. लॉटरीत तिकीट कुणाचे आहे याला महत्त्व नसते. इथे पदोपदी माणसे निर्णय घेतात आणि त्यांना कारणे असतात. ती कारणे बाहेरून दिसू नयेत अशी रचना मात्र जाणूनबुजून झालेली आहे. जेरोम काराबेल यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता. परीक्षा उत्तम देणाऱ्या ज्यू मुलांची संख्या वाढून १९२२ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या वर्गात पाचव्या हिश्श्याहून अधिक झाली. अध्यक्ष लॉवेल यांनी त्यावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव उघडपणे मांडला. त्यावर गदारोळ झाला. मग चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, छायाचित्र, मुलाखत, कुठल्या प्रांतातला, असे निकष आले. आजच्या ‘समग्र मूल्यमापना’चा उगम हा आहे. आज त्याचे हेतू वेगळे असतील, कित्येकदा चांगलेही असतील. पण निकालाचे अंतिम स्वातंत्र्य स्वतःकडे ठेवणे, हा त्याचा गाभा तेव्हाही होता आणि आजही आहे. कॉलेजने जे मुद्दाम मोकळे ठेवले आहे, तेच समुपदेशक टक्क्यांत विकतो.

अंदाज कुठेच बांधता येत नाही, असे माझे म्हणणे नाही. नियम उघड असेल तिथे तो बिनचूक बांधता येतो. टेक्सासच्या १९९७ च्या कायद्याने राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या १० टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली. ऑस्टिनच्या विद्यापीठाला पुढे ही मर्यादा अरुंद करून मिळाली, पण नियम आजही छापील आहे. तिथल्या मुलाला आपले वर्गातले स्थान कळले की निकाल कळतो. आणि निवडक कॉलेजे मुळात आहेत तरी किती? प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये १,३६४ चार वर्षांच्या कॉलेजांची छाननी केली. १० टक्क्यांहून कमी अर्जदार घेणारी त्यांत अवघी १७ निघाली. निम्म्याहून अधिक कॉलेजे दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त अर्जदारांना प्रवेश देत होती. म्हणजे भाकीत जिथे जमते ती कॉलेजे शेकड्यांनी आहेत, आणि आपली सगळी चर्चा चालते ती जिथे ते जमत नाही अशा मूठभरांची.

तेव्हा मूल्यमापन करायचेच, तर तीन प्रश्नांचे करावे. पहिला, ही मुलगी तिथला अभ्यास झेपवेल का? याचे उत्तर तिची गुणपत्रिका आणि कॉमन डेटा सेटमधला गुणांचा पट्टा यांवरून बऱ्यापैकी खात्रीने मिळते. दुसरा, आपल्याला ते परवडेल का? अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा गणक असणे २०११ पासून बंधनकारक आहे. भारतातून अर्ज करणाऱ्याने परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळते का आणि ती मागितल्याने अर्जावर काय परिणाम होतो, हे कॉलेजलाच लेखी विचारावे. तिसरा, जिथे प्रवेश जवळजवळ निश्चित आहे अशी दोन-तीन कॉलेजे तिच्या मनापासून आवडीची आहेत का? ती नसतील तर यादी अपुरी आहे, मग तक्त्यात कितीही टक्के लिहिलेले असोत.

पूर्वपक्षी शेवटी विचारेल, या मूठभर कॉलेजांनी आयुष्यच बदलत असेल तर ध्यास घेण्यात गैर काय? इथेही पुरावा दोन्ही बाजूंनी वाचावा. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांच्या २००२ च्या अभ्यासात, निवडक कॉलेजांत अर्ज करून दुसरीकडे शिकलेल्यांची सरासरी कमाई तिथे शिकलेल्यांच्या तोडीची निघाली. गरीब घरांतल्या मुलांना मात्र निवडक कॉलेजचा फायदा दिसला. चेट्टी आणि सहकाऱ्यांना सरासरी कमाईत मोठा फरक आढळला नाही, पण सर्वांत वरच्या एक टक्का कमाईत पोचण्याची शक्यता सुमारे दीडपट झालेली आढळली. फरक आहे, काहींसाठी मोठाही आहे. ज्या घरात दोन्ही पालक इंजिनिअर आहेत, तिथे तो सहसा भीती वाटते त्याहून लहान असतो.

निवाडा आता वाचकाचा. पुढच्या वेळी टक्केवारीचा तक्ता समोर आला, तर तो बनवणाऱ्याला तीनच गोष्टी विचाराव्यात. हा आकडा कोणत्या गटाचा आहे? कोणत्या वर्षाच्या नियमांवर काढला आहे? आणि या गटातल्या ज्यांना तुम्ही १० टक्के सांगितले होते, त्यांतल्या किती जणांना प्रत्यक्षात प्रवेश मिळाला? तिसऱ्या प्रश्नाची वही ज्याच्यापाशी नाही, त्याच्या आकड्यावर मुलीची लायकी तोलू नये, आणि त्यासाठी फीही देऊ नये.